उंच माणसाचे पाय

खैरानी रोडवरच्या गाळ्यांमध्ये उंच माणसाला पहिल्याच दिवशी एक सवय लागते, मान वाकवायची. शटर अर्धंच वर असतं, आत पोटमाळा, पोटमाळ्याला टेकवलेली लोखंडी शिडी, वरून लोंबणारी वायर. डोकं वाचलं की झालं, बाकी अंग ताठ असलं तरी चालतं. आमच्या बास्केटबॉल कोर्टावर येणारा एक मुलगा अशाच एका गाळ्यात वडिलांना रोज डबा द्यायला जातो. वय सोळा, उंची सहा फूट चार इंच. साकीनाक्यात एवढ्या उंचीच्या पोराला जे नाव पडतं तेच त्यालाही पडलंय, लंबू. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "बचावाला उभा राहताना वाक." तो वाकला. मान खाली, खांदे पुढे, गुडघे मात्र काठीसारखे सरळ.

"सर, वाकलोय ना!"

"अरे, मान वाकलीय. बूड खाली घे. खुर्चीवर बसतोस तसा बस, फक्त खुर्ची नाही असं समज."

समोर पाच फूट पाच इंचांचा एक चपळ पोरगा चेंडू आपटत उभा होता. त्याने डावीकडे एक झुकांडी दिली आणि उजवीकडून निघून गेला. लंबू वळेपर्यंत चेंडू जाळीतून खाली पडला होता. बाकीची पोरं हसली. लंबूही हसला, पण त्यानंतर अर्धा तास तो रिंगखालून हलायला तयार नव्हता. तिथे त्याला कोणी हसत नाही, तिथे तो राजा असतो.

या पुस्तिकेतली बरीचशी पानं त्या एका झुकांडीचं उत्तर शोधताना लिहिली गेली. प्रश्न नुसता लंबूचा नाही. गेली दहा-पंधरा वर्षं जगातले सगळ्यात महागडे संघ याच प्रश्नावर डोकं खाजवत बसलेत. माणसांची अदलाबदल करून बचाव करायचा ठरवला, तर सात फुटी माणसाचं करायचं काय?

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला मोकळं करायला त्याचा साथीदार, बहुतेक वेळा संघातला थोराड गडी, बचाव करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात, कोणी पिक म्हणतं. बचाव करणारा त्या भिंतीवर अडकतो आणि चेंडूवाला निसटतो. यावरचा जुना तोडगा असा, की अडकलेल्याने वळसा घालून आपल्याच माणसामागे धावायचं आणि आपल्या संघातल्या उंच माणसाने मागे सरकून रिंगखालचा भाग राखायचा. हा झाला ड्रॉप. दुसरा तोडगा, धावाधाव नको, माणसंच बदला. तुझा तो माझा, माझा तो तुझा. हा झाला स्विच.

ऐकायला सोपं वाटतं. पण गल्ली क्रिकेटमध्ये उंच उडालेला झेल दोघांच्या मध्ये कसा पडतो ते आठवा. दोघंही "तुझा, तुझा" म्हणत थांबतात आणि चेंडू जमिनीवर. फसलेला स्विच हुबेहूब तसाच दिसतो. दोघंही चेंडूवाल्यामागे गेले तर स्क्रीन लावणारा रिंगखाली एकटा, दोघंही मागे थांबले तर चेंडूवाला एकटा. आणि जमलेला स्विचसुद्धा फुकट मिळत नाही. अदलाबदल झाली की उंच माणूस रिंगपासून सात मीटरवर एका भिंगरीसमोर उघडा पडतो आणि आपला ठेंगणा गडी रिंगखाली एका धिप्पाडाच्या पाठीशी चेंगरतो. याला मिसमॅच म्हणतात. आक्रमण करणारे तो घडवून आणायलाच टपलेले असतात.

मग ड्रॉप काय वाईट होता? पूर्वी काहीच नव्हता. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये तीन गुणांची रेषा आली १९७९-८० च्या हंगामात, पण तिचा खरा वापर सुरू व्हायला तीस वर्षं गेली. २००९-१० मध्ये तिथला एक संघ सामन्याला सरासरी १८ वेळा लांबून फेकायचा, २०२४-२५ मध्ये तोच आकडा ३७ च्या वर गेला. उंच माणूस मागे सरकला की स्क्रीनच्या पलीकडे जी मोकळी जागा पडते, तिथूनच आता तीन गुण घेतले जातात. स्विच ती जागाच पडू देत नाही. उंच माणसाच्या पोटावर पाय आला तो इथे.

२०१५ चा जून महिना मला यासाठी नेहमी आठवतो. गोल्डन स्टेट वॉरियर्स अंतिम मालिकेत क्लीव्हलँडपुढे २-१ असे मागे होते. ११ जूनला चौथ्या सामन्यात त्यांनी आपला सात फुटी अँड्र्यू बोगट बसवला आणि आंद्रे इगोडालाला सुरुवातीपासून खेळवलं. सेंटरच्या, म्हणजे रिंगखालच्या उंच माणसाच्या, जागी आला ड्रेमंड ग्रीन, उंची सहा फूट सहा इंच, म्हणजे आमच्या लंबूपेक्षा दोन इंच जास्त. पाचपैकी चौघे जवळपास एकाच मापाचे, कोणीही कोणाचाही माणूस घ्यावा. १६ जूनला ते विजेते झाले. त्यानंतर नऊ दिवसांनी, २५ जूनला, पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लोके गावच्या सतनाम सिंग भमराचं नाव डॅलस मॅव्हरिक्सने एनबीएच्या निवडीत ५२ व्या क्रमांकावर पुकारलं. भारतात जन्मलेला खेळाडू निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. उंची सात फूट दोन इंच.

त्या सकाळी व्हॉट्सअॅपवर पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. पण मनात एक खडा टोचत होता. ज्या आठवड्यात जगाने सात फुटी माणूस बाकावर बसवून जिंकायचं कसं ते पाहिलं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात आपला सात फुटी पोरगा त्या दारात जाऊन उभा राहिला. सतनाम डॅलसच्या दुय्यम संघाकडून, टेक्सास लेजेंड्सकडून खेळला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. याला कारणं अनेक असतील आणि सगळा दोष काळावर टाकणं मला पटत नाही. पण उशिरा सुटलेल्या गाडीने पोहोचावं तसं काहीसं ते झालं, एवढं म्हणतो.

इथून पुढे लोक एकच निष्कर्ष काढतात, उंच माणसाचे दिवस संपले. ही पुस्तिका त्या निष्कर्षाशी भांडायला लिहिली आहे.

१९९४ चं उदाहरण घ्या. ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क यांच्यातल्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, १९ जून. ह्यूस्टन ८६-८४ असा दोन गुणांनी पुढे, घड्याळात अगदी थोडे सेकंद, चेंडू न्यूयॉर्कच्या जॉन स्टार्क्सकडे. पॅट्रिक यूइंगने स्क्रीन लावली. यूइंगवर पहारा होता हकीम ओलाजुवॉनचा, सात फुटांच्या घरातला सेंटर. जुन्या शिरस्त्याप्रमाणे त्याने मागे सरकायला हवं होतं. तो पुढे आला. स्टार्क्सने तीन गुणांसाठी चेंडू उचलला आणि हकीमची बोटं त्याला लागली. सामना तिथेच संपला, तीन दिवसांनी ह्यूस्टनने मालिकाही जिंकली. स्विच हा शब्द आजच्यासारखा घरोघरी व्हायच्या कितीतरी आधी केलेला तो स्विच होता. हकीमचे पाय आले कुठून? लागोसमध्ये लहानपणी तो हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता. बास्केटबॉल त्याच्या हातात बराच उशिरा आला.

आता त्याच तारखेचा दुसरा प्रसंग, योगायोगच म्हणायचा. १९ जून २०१६, अंतिम मालिकेचा सातवा सामना, शेवटचं मिनिट. क्लीव्हलँडचा केविन लव्ह अदलाबदलीत गोल्डन स्टेटच्या स्टेफन करीसमोर येऊन पडला. सहा फूट आठ इंचांचा लव्ह पायाने काही हरीण नव्हता. बचावाबद्दल त्याने आयुष्यभर टोमणेच ऐकले होते. करीने आत, बाहेर, परत आत, मागे असं सगळं करून पाहिलं. लव्हने उडी मारली नाही, चेंडूवर झडप घातली नाही. हात वर, बूड खाली आणि छोटी छोटी पावलं. शेवटी करीला अवघड चेंडू फेकावा लागला आणि तो चुकला. क्लीव्हलँडने सामना ९३-८९ जिंकला. तो तुकडा मी आमच्या पोरांना मोबाइलवर किमान वीस वेळा दाखवला असेल. ते कंटाळतात, मी नाही. हकीमच्या पायांत लहानपणापासूनची चपळाई होती. लव्हने फक्त फसायचं नाकारलं, आणि ते शिकवता येतं.

प्रत्येकाला तेवढंही जमेल असं नाही. तेव्हा संघ दुसरी युक्ती काढतो. २०२१-२२ मध्ये बॉस्टनचा प्रशिक्षक इमे उडोका याने आपल्या उंच रॉबर्ट विल्यम्सला समोरच्या सेंटरवर ठेवलंच नाही. कोपऱ्यात उभा राहणारा, लांबून फारसा न फेकणारा जो गडी असेल तो विल्यम्सला दिला. स्क्रीन होतात चेंडूच्या आसपास, मग उरलेले चौघे सगळं खुशाल बदलत राहतात आणि विल्यम्स कोपऱ्यातून एक पाऊल आत येऊन रिंगवर नजर ठेवतो. बॉस्टन त्या वर्षी अंतिम मालिकेपर्यंत गेलं. आमच्यासारख्या अर्ध्या कोर्टावरच्या संघांना ही युक्ती सगळ्यात स्वस्त पडते, म्हणून तिला या पुस्तिकेत मी एक अख्खं प्रकरण दिलं आहे. उलट टोकाला मायामीचा बॅम अडेबायो. सहा फूट नऊ इंच, पाय गार्डचे, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या चपळ गड्याचे. त्याला कुठे लपवावं लागत नाही, समोर कोणीही येवो. असा माणूस मिळाला तर प्रशिक्षकाने देवाचे आभार मानावेत आणि माझी पुस्तिका मिटून ठेवावी.

रूडी गोबेरबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. सात फुटांवरचा हा फ्रेंच सेंटर चार वेळा एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, चौथ्यांदा २०२४ च्या मे महिन्यात. त्याच महिन्यात, २४ तारखेला, लुका डॉनचिचने अदलाबदलीत त्याला समोर घेतलं, मागे पाऊल टाकलं आणि शेवटच्या तीन सेकंदांच्या तोंडाशी तीन गुण घेऊन डॅलसला १०९-१०८ असं जिंकवलं. मग आठवडाभर जो तो गोबेरच्या नावाने खडे फोडत होता. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या माणसाने हंगामभर रिंगखाली शेकडो चेंडू हुकवले, त्याची किंमत एका चेंडूवर ठरवायची? पण प्रशिक्षक म्हणून एक कबूल करायला हवं. समोरचा संघ शेवटचा चेंडू कुठे नेणार, हे गोबेरच्या जमेच्या शेकडो चेंडूंवरून ठरत नाही. तो बरोबर उघडं दार शोधतो.

आपल्याकडे ही गोष्ट आणखी अवघड होते, ती नियमांमुळे. एनबीएत बचाव करणाऱ्याला रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत, हाताच्या अंतरावर कोणावर पहारा नसेल तर, तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. २००१ पासूनचा हा नियम. आपले शाळेचे, राज्याचे, राष्ट्रीय सामने चालतात फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी, आणि तिथे बचाव करणाऱ्यावर असं बंधन नाही. उंच पोराला सामनाभर रिंगखाली रोवून ठेवता येतं, आणि आपण ठेवतोही. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याने सामने जिंकून मिळतात, शाळेला ढाल मिळते, सर खूश, पोरगाही खूश. बारा वर्षांचा असताना तो जिथे उभा केला जातो, अठरा वर्षांचा झाला तरी तिथेच असतो. त्याचे पाय कोणी वापरलेलेच नसतात. चूक त्याची नाही. मी स्वतः बरीच वर्षं हेच केलं आहे, आणि तेव्हा जिंकलेल्या दोन ढाली अजून कपाटावर आहेत.

मुंबईला बास्केटबॉल नवा नाही. नागपाड्याच्या गल्ल्यांनी देशाला कप्तान दिला. अब्बास मुंतसिर तिथलेच, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर आहे. आमच्या उपनगरात मात्र जागेची मारामारी. साकीनाक्याच्या चौकात मेट्रोखाली बस, रिक्षा आणि टेम्पो जसे इंच इंच लढवतात तसंच आमचं कोर्टाचं. चांदिवलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका सोसायटीच्या मागे अर्धं सिमेंटचं कोर्ट, एकच रिंग, तीही पुढे किंचित झुकलेली. सहा ते सात आमची वेळ, सातनंतर क्रिकेटवाले.

याच शहरात ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्स आणि इंडियाना पेसर्स सराव सामने खेळले, भारतात झालेले एनबीए संघांचे ते पहिलेच सामने. पहिला जादा वेळेत गेला आणि पेसर्सने १३२-१३१ असा घेतला. त्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांत जवळजवळ सगळी शाळेची पोरं होती. किंग्सचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. त्यांची एक गोष्ट मी पालकांना हमखास सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या मुलीच्या संघाला, बारा-तेरा वर्षांच्या मुलींना, शिकवायची पाळी त्यांच्यावर आली. स्वतः ते कधी बास्केटबॉल खेळले नव्हते. त्यांना एक कोडं सुटेना, चेंडू गेला की सगळे आपल्या अर्ध्यात पळून का येतात, उरलेलं कोर्ट समोरच्याला आंदण का देतात? त्यांनी मुलींना पूर्ण कोर्टभर दाबायला लावलं. उंची नाही, फेक फारशी नाही, तरी तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. २००९ मध्ये माल्कम ग्लॅडवेलने त्यावर लेख लिहिला आणि गोष्ट जगभर झाली. सवयीने जी जागा सोडून दिली जाते तिच्याकडे नव्या माणसाची नजर जाते. आमच्या उंच पोरांनी रिंगपासून पाच मीटरपुढची सगळी जमीन अशीच सवयीने सोडून दिलेली आहे.

त्या जमिनीवर त्यांना आणायचं कसं? मी बऱ्याच अमेरिकन कवायती करून पाहिल्या. शिडी, शंकू, रबरी पट्टे. शेवटी उत्तर सापडलं ते शाळेच्या मैदानात, खो-खोत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ते सामने बघताना मी बसलेल्यांकडे बघत होतो. सगळे आपापल्या चौकोनात, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून उकिडवे. पाठीत खो बसला की उठायचं आणि पहिलंच पाऊल बरोबर दिशेला टाकायचं, कारण घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही. आणि खो देणारा? पळता पळता आपलं सावज दुसऱ्याच्या हवाली करतो आणि त्याच्या जागेवर बसतो. स्विच म्हणजे याहून वेगळं काय असतं? आमच्याकडे जन्मापासून अदलाबदलीचा खेळ आहे, आणि आम्ही तो इंग्रजी व्हिडिओंत शोधत होतो.

तेव्हापासून सरावाची पहिली दहा मिनिटं खो-खो. खांब नाही, म्हणून रिंगचा खांब एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला कोणाची तरी सायकल. पहिल्या आठवड्यात लंबूच्या मांड्या भरून आल्या. उकिडवं बसलं की त्याचे गुडघे कानाला लागतात. पोरं पुन्हा हसली. दुसऱ्या महिन्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की चेंडूवाल्यासमोर उभा राहताना तो आता मान वाकवत नाही. मान ताठ, बूड खाली. दहापैकी सहा वेळा अजूनही हुकतो, पण आता हुकतो ते अर्ध्या पावलाने.

एक गोष्ट मात्र पायांनी सुटली नाही. स्क्रीन येतेय हे सगळ्यात आधी दिसतं मागे असलेल्या उंच माणसाला, पुढच्याची पाठ तिकडे असते. म्हणून ओरडायचं काम त्याचं. "स्क्रीन डावीकडे", आणि लगेच "माझा". जोरात, पहिल्यांदा, संशय न ठेवता. उंच पोरं बहुतेक वेळा बुजरी असतात. वर्गात मागच्या बाकावर, फोटोत मागच्या रांगेत, रिक्षात अंग चोरून. लंबूचा आवाज त्याच्या पुढ्यातल्यालाही ऐकू जायचा नाही. दोन वेळा दोघं एकाच माणसामागे गेले, एकदा डोक्यावर डोकं आपटलं, बर्फ आणायला पानवाल्याकडे धावावं लागलं. मग मी नियम केला, "माझा" ऐकू आलं नाही तर संपूर्ण संघाने दहा बैठका मारायच्या. पोरांनी त्याला दोन दिवसांत बोलका केला.

पुस्तिकेत शेवटी जे सराव दिले आहेत ते तीन-तीन जणांत, अर्ध्या कोर्टावर, एका रिंगवर करता येतील असे आहेत. पूर्ण कोर्ट असलेल्यांनी मला नावं ठेवू नयेत. आकृत्या मी हाताने काढल्या आहेत, गोल म्हणजे आक्रमण, फुली म्हणजे बचाव, आणि जाड फुली म्हणजे उंच माणूस. पहिली दोन प्रकरणं पायांची, तिसरं विल्यम्सच्या कोपऱ्याचं, चौथं रिंगखाली अडकलेल्या ठेंगण्याने काय करायचं याचं. ते बहुतेक पुस्तकांत नसतं, आणि निम्मे स्विच तिथेच बुडतात. पाचवं आवाजाचं. ते प्रकरण वापरताना वेळेचं भान ठेवा. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "सर, त्या उंच पोराचं जे काय कोणी घेतलंय ना, ते देऊन टाका हो एकदाचं. रोज संध्याकाळी 'माझा, माझा' करून जीव काढतो बिचारा."